वादळानंतरची खुशाली

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "मंडळाच्या इतिहासातील एखादा प्रसंग लिहा" असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. माझे वाचन बेताचे आणि लेखन म्हणजे वाण्याची यादी. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी मंडळाची एक जुनी हजेरीवही माझ्यापुढे ठेवली. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर जून २०२० मधील एक यादी आहे. नऊ घरांची नावे, त्यांपुढे चार रकाने, आणि एकेका नावापुढे तांबड्या शाईची बरोबरची खूण. त्या यादीत तिसरे नाव माझ्या आईचे आहे. ते पाहिल्यावर मात्र लिहायचे नाही असे म्हणवेना.

आपले सीवूड्स हे सिडकोने वसविलेल्या शहरातले. करावे आणि दारावे या गावांतील भगिनी तेवढ्या येथील मूळच्या. बाकी आम्ही सगळ्या कोठून ना कोठून आलेल्या. एरवी आम्ही एकमेकींना आडनावाने ओळखतो. परंतु त्या आठवड्यात आम्ही एकमेकींची माहेरे शिकलो. कोणी म्हसळ्याची झाली, कोणी श्रीवर्धनची, कोणी मुरूडची. मी दिवेआगरची.

प्रथम वादळांविषयी थोडे सांगते, म्हणजे पुढचे नीट समजेल.

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच अमेरिकेकडे हरिकेन आणि चीन-जपानकडे टायफून म्हणतात. इंग्रजीतला सायक्लोन हा शब्द मात्र आपल्याच देशात जन्मला. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बोटींच्या नोंदवह्यांवरून वादळांचा अभ्यास करीत. वारा सरळ न वाहता सापाच्या वेटोळ्यासारखा फिरतो हे पाहून त्यांनी ग्रीक भाषेवरून हा शब्द बनविला. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. संबंध देशाचे हवामानखाते १८७५ साली निघाले, आणि ते निघण्यास १८६४ सालचे कलकत्त्याचे भयंकर वादळ हे एक कारण झाले. म्हणजे आधी माणसे मेली आणि मग खाते निघाले.

पश्चिम किनाऱ्यास वादळे पूर्व किनाऱ्याच्या मानाने कमी. तरी १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर मोठे वादळ येऊन गेले. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईत वादळाने एक लाख माणसे मेली, असेही पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. परंतु १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्तीच पावणेआठ लाखांच्या घरात होती. त्यातून लाखभर माणसे एका दिवसात गेली असती तर त्याचा केवढा गवगवा झाला असता! त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी दफ्तरांत अशा वादळाचा मागमूस नाही, असे शोध घेणाऱ्यांनी दाखविले आहे. कोणी तरी एकदा लिहिले आणि पुढच्यांनी ते न तपासता उतरवून घेतले. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगते, कारण खोटी बातमी म्हणजे काय हे पुढे आम्हालाही कळायचे होते.

आणि खरी बातमी न मिळणे म्हणजे काय, ते आपल्या करावे गावातील एका भगिनीने आम्हाला सांगितले. त्यांच्या सासूबाईंचे माहेर रेवसकडचे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईस कित्येक तास काहीच कळले नाही. पोहून काठाला लागलेल्यांच्या तोंडून बातमी फुटली. रेवस-बोडणीच्या कोळ्यांच्या होड्यांनी किती तरी जणांना पाण्यातून उचलून घेतले. सासूबाई तेव्हा लहान होत्या. घरातले माणूस त्या बोटीने यायचे होते. चूल पेटलेली, भात शिजलेला, आणि बाया बंदराकडे तोंड करून बसलेल्या, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिले होते. संध्याकाळी ते माणूस दुसऱ्या वाटेने घरी आले. त्यांची बोट चुकली होती. "पण तो दिवस सासूबाई मरेपर्यंत विसरल्या नाहीत," असे त्या भगिनी म्हणाल्या.

आता निसर्ग वादळाकडे वळते.

२०२० साली करोनामुळे मार्चअखेरीपासून सगळे बंद होते. आपल्या मंडळाचे भजन, भिशी, वाचनवर्ग, सारे थांबले होते. माझी आई हिवाळाभर माझ्याकडे होती. शिमग्याला पालखी घरी येते म्हणून ती दिवेआगरला गेली आणि तिकडेच अडकली. वय अठ्ठ्याहत्तर. घर चिरेबंदी जोत्याचे, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी. वडिलांच्या मागे ती एकटीच त्या घरात राहते.

१ जूनपासून बातम्या येऊ लागल्या. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला असून त्याचे वादळ होऊन ते उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे येईल, असे हवामानखात्याने सांगितले. वादळांना नावे ठेवण्यासाठी या भागातील तेरा देशांनी मिळून जी नवी यादी केली होती, तिच्यातले हे पहिलेच नाव, आणि ते बांगलादेशाने सुचविलेले. नाव किती गोड! जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्याला इतके जोरदार वादळ लागल्याची नोंद १८९१ पासून नव्हती.

२ तारखेला संध्याकाळी आईचा फोन आला. किनाऱ्याजवळच्या आणि कच्च्या घरांतील लोकांना शाळेत हलवीत होते. आई म्हणाली, "बाय, मी जाऊ का शाळेत?"

मी तिला नको म्हटले. शाळेत पन्नास माणसे एकत्र असणार, मुंबईहून आलेले चाकरमानीही असतील, या वयात करोना झाला तर काय करायचे? "तुझे घर चिरेबंदी आहे. माजघरात बसून राहा, दारे लावून घे," असे मी येथे बाराव्या मजल्यावर बसून तिला सांगितले.

३ जून, बुधवार. सकाळी आम्ही गच्चीतल्या कुंड्या आत घेतल्या, काचांना चिकटपट्ट्या लावल्या, पिंप भरून ठेवले. अकराच्या सुमारास आईशी बोलणे झाले. "पोफळी वाकायला लागल्यात. मी दार लावते," एवढे तिचे शेवटचे शब्द; मग फोन तुटला. त्यानंतर लावला तेव्हा लागेना.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळाचा मध्य अलिबागच्या दक्षिणेस श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आला. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. सीवूड्सला त्याचा पदर तेवढा लागला. खाडीकडून असा वारा आला की खिडक्या गुणगुणू लागल्या, आमच्या रस्त्यावरचा गुलमोहर आडवा झाला, कोणाचा पत्रा, कोणाची चादर उडाली. आमचे वादळ एवढेच. संध्याकाळपर्यंत पाऊसही ओसरला आणि लोक गॅलरीत येऊन "थोडक्यात निभावले" असे म्हणू लागले. दूरचित्रवाणीवर तर "मुंबई वाचली" हेच चालले होते. मुंबई वाचली ती वादळ दक्षिणेला लागले म्हणून. आणि दक्षिणेला आमची माणसे होती.

त्या रात्री मंडळाच्या मोबाइलवरील गटात एकेकीचे निरोप येऊ लागले. श्रीवर्धनला फोन लागत नाही. म्हसळ्याला लागत नाही. मुरूड नाही, केळशी नाही, मंडणगडकडेही नाही. विजेचे खांब आणि मनोरे, सारेच कोसळले होते. मग त्यात एक छायाचित्र आले: मोडलेली घरे, पाण्यात उभी माणसे, आणि खाली "दिवेआगर संपूर्ण उद्ध्वस्त" अशी ओळ. मी ते पाहिले आणि हातातला फोन खाली ठेवला. तासाभराने आमच्यापैकी एकीच्या मुलाने शोधून सांगितले की ते चित्र दोन आठवड्यांपूर्वीच्या बंगालमधील अम्फान वादळाचे आहे. पण तो एक तास मी कसा काढला ते माझे मला माहीत.

त्यानंतर चिटणीसबाईंनी जे केले तेच मला या लेखात नोंदवून ठेवायचे आहे. त्यांनी गटात लिहिले: "आता ऐकीव काही नको. मी वही घेऊन बसले आहे. प्रत्येकीने मला चार गोष्टी सांगा." आणि हजेरीवहीच्या मागे त्यांनी रकाने आखले. गाव कोणते, तेथे कोण आहे आणि कोणाचे कोण, शेवटचे बोलणे केव्हा झाले, आणि चौथा रकाना, "कोणी डोळ्यांनी पाहिले". या चौथ्या रकान्यात नाव पडल्याशिवाय तांबडी खूण करायची नाही, असा त्यांचा नियम. शिवाय असे ठरले की, ज्या कोणीचा ज्या कोणाशी फोन लागेल तिने आपल्या माणसाची चौकशी करून थांबू नये. त्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांची नावे वाचून दाखवावी.

नऊ घरे. पहिल्या दिवशी एकही खूण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरूडच्या घरापुढे खूण झाली. तेथील एक मुलगा अलिबागच्या बाजूला येऊन बोलला होता. दुपारी मंडणगडची खूण झाली. आमचा रस्ता मात्र मुका. माणगावहून म्हसळा, तेथून बोर्ली पंचतन आणि मग दिवेआगर. झाडे आणि खांब पडून तो जागोजाग बंद होता. आपले सीवूड्स ठाणे जिल्ह्यात आणि गाव रायगडात. परवान्याशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. मी अर्ज भरला आणि बसून राहिले.

खरे सांगते, त्या दिवसांत मला वादळाचे भय वाटत नव्हते. ते तर होऊन गेले होते. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होते, आणि ते माझेच होते: "माजघरात बसून राहा." मी कोणाला ते सांगितले नाही. रात्री अकराला चिटणीसबाईंचा फोन यायचा. बातमी काही नसायची. त्या यादीतले प्रत्येक नाव वाचायच्या आणि म्हणायच्या, "उद्या पुन्हा." दुसऱ्या रात्री मी त्यांना ते वाक्य सांगून टाकले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "वहीत त्याला रकाना नाही. झोपा आता."

५ जूनला वटपौर्णिमा होती. एरवी आपण पार्काजवळच्या वडाला जमतो. त्या वर्षी जमणे नव्हते. मी पाटावर वड काढून पूजा केली आणि उठत होते, तोच म्हसळ्याच्या माहेरवाशीण वहिनींचा फोन आला. बोर्लीचा एक माणूस मोटारसायकलवरून, कोठे ढकलत, कोठे झाडांवरून उचलून नेत, माणगावच्या पुढे हमरस्त्यावर आला होता. तेथे त्याचा फोन लागला. येताना त्याने वाटेतल्या गावांतून लोकांच्या चिठ्ठ्या गोळा करून आणल्या होत्या आणि एकेक नंबर लावून तो त्या वाचीत होता. वहिनींनी त्याला आमची नावे विचारली. त्याच्याजवळ दिवेआगरच्या पाच चिठ्ठ्या होत्या. त्यांतली एक माझ्या आईची.

चिठ्ठी दोन ओळींची. "मी बरी आहे. घराची कौले गेली. पितळेचा हंडा सापडला, तुझी गोधडी भिजली."

पूर्वी वाटसरूबरोबर निरोप पाठवीत तेव्हा त्यात खूण घालीत, म्हणजे निरोप खरा हे पटे. गोधडीचे आईने काही ठरवून लिहिले नसेल. पण ती गोधडी मी लग्नाआधी शिवलेली, आणि ती अजून त्या घरात आहे हे आईखेरीज कोणाला माहीत? चिटणीसबाईंनी चौथ्या रकान्यात "बोर्लीचे गृहस्थ" असे लिहिले आणि खूण केली. त्या एका फोनवर चार घरांच्या खुणा झाल्या. उरलेली तीन घरे ८ तारखेपर्यंत लागली. इतके मोठे वादळ येऊनही माणसे त्या मानाने फार थोडी दगावली. वेळेवर मिळालेली सूचना आणि लोकांना हलविण्याचे काम, यांचे ते श्रेय आहे, हे मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे. आमच्या यादीतले एकही माणूस गेले नाही.

परवाना मिळाल्यावर जूनच्या मध्यावर आम्ही दिवेआगरला गेलो. बरोबर मंडळाने जमविलेल्या ताडपत्र्या, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि तांदूळ होते. वीज नव्हतीच. घराशी पोहोचले तेव्हा पहिल्याने ओळख पटेना. आमच्या वाडीत भर दुपारी अंधार असायचा. पोफळीच्या झावळ्यांतून ऊन कधी खाली आलेच नाही. त्या दिवशी विहिरीच्या काठापर्यंत स्वच्छ ऊन पडले होते. पोफळी एकावर एक आडव्या पडल्या होत्या, बहुतेक सगळ्या एकाच दिशेला. आणि पडवी नव्हती. एक नारळ तिच्यावरून माजघरात उतरला होता. जेथे मी आईला बसायला सांगितले होते, तेथे त्याचा शेंडा होता.

मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, "तुझा फोन झाल्यावर अण्णांकडे गेले. त्यांचे स्लॅबचे घर." शेजारच्या अण्णांनी येऊन तिला हाताला धरून नेले होते. तिने पुढे सांगितले ते असे: आधी डोंगराकडून वारा आला. मग थोडा वेळ सगळे थांबले, पानही हलेना. तिला वाटले संपले, घर पाहून येऊ. ती उठलीही. अण्णांच्या मंडळींनी दाराला आडवे होऊन तिला थांबविले. आणि मग समुद्राकडून उलटा वारा आला. घर पडले ते या दुसऱ्या वाऱ्यात. वादळाचा मध्य डोक्यावरून जातो तेव्हा असेच होते, वेटोळ्याची एक बाजू जाते आणि दुसरी येते, हे मी नंतर वाचले. अण्णांच्या घरी ते कोणी वाचले नव्हते. तरी "एवढ्यात बाहेर जायचे नाही" एवढे शहाणपण त्यांना होते.

"माझे ऐकले नाहीस ते बरे केलेस," असे मी आईला म्हटले. तिला ते ऐकू आले की नाही कोण जाणे. ती तांदळाच्या पिशव्या मोजीत होती.

नुकसानीविषयी थोडक्यात लिहिते. नारळ-पोफळ लावल्यापासून फळ यायला सहा-सात वर्षे तरी लागतात. म्हणजे वादळाने एका दुपारी पुढच्या सात वर्षांचे उत्पन्न नेले. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपयांवर नेली. परंतु आमच्याकडील वाड्या गुंठ्यांच्या. गुंठ्याला हिशेब पाचशे रुपयांच्या आसपास पडतो. पुढे ती झाडांच्या संख्येवर देण्याचे ठरले, ते योग्य झाले. आईने त्याच पावसाळ्यात पोफळीची रोपे लावली. "आता याचे फळ कधी यायचे?" असे मी विचारले, तर म्हणते, "विहिरीवर ऊन येते ना. पाणी तापते."

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, तौक्ते वादळ मुंबईसमोरून समुद्रातून गेले आणि त्या रात्री गुजरातेत उन्याजवळ जमिनीला लागले. त्या वेळी मंडळाची यादी दोन दिवस आधी तयार होती. तीत पाचवा रकाना वाढविला होता: "जवळचे स्लॅबचे घर कोणाचे". १८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत सगळ्या खुणा झाल्या. परंतु त्याच वादळात तेलक्षेत्रातील पी-३०५ ही निवासी नौका बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचविले. बाकीच्यांचे नातेवाईक कित्येक दिवस ओळख पटण्याची वाट पाहत होते. रामदास बोटीला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे होत आली होती. बिनतारी यंत्रे आली, उपग्रह आले, तरी बंदराकडे तोंड करून बसणे संपले नाही.

असो. मंडळाच्या अहवालात हळदीकुंकवाची, सहलींची आणि बक्षीससमारंभांची नोंद असते, आणि ती असावीच. परंतु त्या दोन पानांचीही नोंद राहावी असे मला वाटले. वादळ केव्हा येणार हे आता खाते चार दिवस आधी सांगते. ते येऊन गेल्यावर आपले माणूस कसे आहे हे मात्र कोणी तरी जाऊन, डोळ्यांनी पाहून, आपल्याला सांगावे लागते. आणि आपणही दुसरीसाठी तेवढे विचारून ठेवावे लागते.

चिटणीसबाईंनी नवी वही आणली आहे. किनाऱ्यावर ज्यांचे कोणी असेल त्या भगिनींनी मे महिन्यापूर्वी त्यांच्याकडे नाव, गाव आणि जवळच्या स्लॅबच्या घराचा फोन लिहून द्यावा, अशी विनंती आहे.